नवीन नोकरीतलं ‘कल्चर’ कसं ओळखायचं: पहिल्या तीन महिन्यांसाठी मार्गदर्शक

रुजू होण्याच्या दिवशी बरंच काही सांगतात. ओळखपत्र कुठे मिळेल, रजा किती, पगार कोणत्या तारखेला, पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा. जे सांगत नाहीत ते असं: साहेब निघायच्या आधी आपण निघालो तर चालतं का? मीटिंगच्या शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हणतात, तेव्हा खरंच विचारायचं असतं का? चूक झाली तर आधी कुणाच्या कानावर घालायची, आणि मेलवर की तोंडी? दुसऱ्या विभागातल्या माणसाला थेट फोन करायचा की त्याच्या मॅनेजरमार्फत जायचं? ही उत्तरं कुठल्याच पुस्तिकेत नसतात, जुन्या माणसांना मात्र ती तोंडपाठ असतात. अशा न सांगितलेल्या उत्तरांनीच एखाद्या ठिकाणचं कल्चर बनतं.

एलियट जॅक्स या अभ्यासकाने लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीतल्या कारखान्याचा बारकाईने अभ्यास केला आणि १९५१ मध्ये तो प्रसिद्ध केला. कारखान्याची संस्कृती म्हणजे तिथली विचार करण्याची आणि काम करण्याची रुळलेली पद्धत. ती नव्या माणसाला शिकावी लागते आणि तिथे सामावून जायचं तर निदान काही अंशी स्वीकारावी लागते, असं त्याने मांडलं. व्याख्येतच नवखा माणूस आहे, हे मला फार आवडतं. आणि शिकणं वेगळं, स्वीकारणं वेगळं, हेही त्यात आलं. शिकायचं सगळं, स्वीकारायचं निवडून. हा लेख त्याच क्रमाने जातो.

अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या कंपन्यांमध्ये मी काम केलंय आणि पुढे नव्यांना रुळवण्याचं कामही माझ्याकडे आलं. हुशार माणसं कामात कमी आणि या न सांगितलेल्या गोष्टींतच जास्त अडखळताना मी पाहिली आहेत.

आधी हे जवळ असू द्या

- नेमणूकपत्र आणि कामाचं लेखी वर्णन. प्रोबेशन कधी संपतं आणि नोटीस पिरियड किती, यावर खूण करून ठेवा.
- एचआर पॉलिसी आणि आचारसंहिता. कंटाळवाण्या असतात, तरी एकदा वाचाच.
- कोण कुणाला रिपोर्ट करतं तो तक्ता.
- अप्रेजलचा, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाचा, कोरा फॉर्म. नवी माणसं हा मागतच नाहीत आणि सगळ्यात बोलका कागद नेमका हाच असतो. ‘माझ्याकडून काय अपेक्षा आहेत ते नीट समजून घ्यायचंय’ असं म्हणून मागा, कुणी नाही म्हणत नाही.
- कंपनीच्या वेबसाइटवरची ‘आमची मूल्यं’, आणि मिळाला तर मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल.
- स्वतःची वही. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल किंवा ऑफिसच्या खात्यातली फाइल यासाठी वापरू नका. ती जागा तुमची नसते. वहीत ग्राहकांची माहिती, आकडे, गोपनीय मजकूर लिहायचा नाही. फक्त माणसं कशी वागतात याची तुमची निरीक्षणं. नावांऐवजी खुणा वापरल्यात तर उत्तम.

१. रुजू होण्याआधी: विशेषणं नको, प्रसंग विचारा

इंटरव्ह्यूत ‘तुमच्याकडचं वातावरण कसं आहे?’ असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: मोकळं, सहकार्याचं, शिकायला भरपूर वाव. समोरचा खोटंच बोलतोय असं समजायचं कारण नाही. तुमच्या प्रश्नाला विशेषणाशिवाय दुसरं उत्तरच नाही. त्यापेक्षा घडलेलं काहीतरी विचारा:

- या जागेवर आधी कोण होतं आणि आता ते काय करतात?
- गेल्या वर्षी ठरल्याप्रमाणे पार न पडलेलं एखादं काम सांगाल? त्यानंतर काय केलंत?
- तुमच्या टीममध्ये अलीकडे बढती कुणाला मिळाली आणि कशामुळे?
- वरिष्ठांचं मत एक होतं आणि निर्णय दुसराच झाला, असं अलीकडे कधी घडलंय?

चौथ्या प्रश्नावर समोरचा बराच वेळ आठवतच राहिला, तर उत्तर मिळालं असं समजा. आणि इंटरव्ह्यूच्या जागीही डोळे उघडे ठेवा. वेळ बदलली तर कळवली का? दोघं मुलाखत घेत असतील तर एकजण दुसऱ्याचं बोलणं तोडतो का? कनिष्ठ माणूस बोलण्याआधी वरिष्ठाकडे बघतो का? रिसेप्शनवर बसून मिळालेली ही माहिती वेबसाइटच्या दहा पानांपेक्षा मोलाची असते.

एक वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात: ‘आम्ही इथे कुटुंबासारखे राहतो.’ काही ठिकाणी ते मनापासून असतं. पण जास्तीच्या कामाला नाही म्हणणं म्हणजे घरच्यांशी कृतघ्नपणा, असाही अर्थ त्यातून निघू शकतो. म्हणून लगेच, हसतमुखाने, पुढचा प्रश्न टाका: कामाचे तास किती, आणि त्यापलीकडे थांबावं लागलं तर त्याची नोंद कशी होते?

२. पहिले पंधरा दिवस: डोळे ताजे आहेत तोवर लिहा

नव्या माणसाला जे दिसतं ते जुन्याला दिसत नाही. पण ही दृष्टी फार टिकत नाही. ज्या गोष्टीने पहिल्या आठवड्यात भुवया उंचावल्या, तीच तुम्ही महिन्याभरात दुसऱ्याला ‘अरे, इथे असंच असतं’ म्हणून सांगू लागता. म्हणून रोज संध्याकाळी पाच-सात ओळी लिहा. पानाचे दोन भाग करा. डावीकडे जे घडलं ते, उजवीकडे त्याचा तुम्ही लावलेला अर्थ. दोन्ही एकत्र लिहू नका, कारण उजवीकडचं बहुतेक वेळा चुकतं आणि पुढे खोडावं लागतं.

काय टिपायचं? मीटिंगमध्ये पहिलं कोण बोलतं आणि कोण बोलल्यावर चर्चा संपते. मेलमध्ये सीसीला किती जण असतात. उशिरा येणाऱ्याकडे सगळे बघतात की कुणाचंच लक्ष जात नाही. एकमेकांना कसं हाक मारतात: नावाने, सर-मॅडम, की आडनावाने. विनोद कशावर होतात, आणि कशावर अजिबात होत नाहीत. एखादा निर्णय प्रत्यक्षात कुठे होतो: मीटिंगमध्ये, मीटिंगच्या आदल्या दिवशी केबिनमध्ये, की नंतर फोनवर.

एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात शिकवत असत त्या एडगर शाइन यांनी संस्कृतीचे तीन थर सांगितले, आणि नवख्यासाठी याहून कामाची मांडणी माझ्या पाहण्यात नाही. वरचा थर डोळ्यांना दिसणारा: बसण्याची व्यवस्था, कपडे, हाक मारण्याची रीत. मधला थर सांगितला जाणारा: मूल्यं, धोरणं, घोषणा. आणि तळाशी गृहीतकं, जी इतकी पक्की असतात की त्यांच्याविषयी कुणी बोलतच नाही. शाइन यांचा इशारा असा, की वरचा थर दिसायला सगळ्यात सोपा, पण अर्थ लावायला अवघड.

हे त्यांनी स्वतः अनुभवलं. स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी या रसायन कंपनीत ते सल्लागार होते. चांगल्या कल्पनांची टिपणं काढून ती सगळ्या विभागांत वाटावीत म्हणून ते देत असत. पण टिपणं आडवी फिरतच नव्हती. ज्याच्या हाती दिली त्याच्यापाशीच थांबत. आळस? दुर्लक्ष? तसं काही नव्हतं. तिथे प्रत्येक मॅनेजरचं काम हे त्याचं स्वतःचं क्षेत्र मानलं जाई, आणि त्याने न मागता त्या विषयावरची माहिती त्याला पाठवणं म्हणजे ‘तुला तुझं काम येत नाही’ असं सुचवणं होतं. त्याच काळात ते डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी संगणक कंपनीतही जात. तिथे लोक मीटिंगमध्ये एकमेकांना तोडून वाद घालत, आवाज चढत. बाहेरच्याला ते भांडण वाटावं. तिथलं गृहीतक मात्र असं होतं की कल्पना कुणाचीही असली तरी वादात टिकली तरच ती खरी. म्हणजे पहिल्या कंपनीत चांगलं समजलं जाणारं वागणं दुसरीत अळणी ठरलं असतं, आणि दुसरीतलं पहिलीत उद्धट.

इथेच बहुतेक जण घसरतात: सगळे जीन्स-टीशर्टमध्ये आहेत, मालकालाही नावाने हाक मारतात, म्हणजे इथे काहीही बोललेलं चालतं, असा निष्कर्ष. कपडे ढिले असले म्हणून सत्ता ढिली असतेच असं नाही. पंधरा दिवस तरी उजव्या भागात प्रश्नचिन्ह ठेवा.

३. भिंतीवरची मूल्यं आणि अप्रेजलचा फॉर्म शेजारी ठेवा

आता कागद काढा. एका बाजूला कंपनीची मूल्यं, दुसऱ्या बाजूला अप्रेजलचा फॉर्म. मूल्यांत ‘सहकार्य’ आहे आणि फॉर्मवर सगळे गुण वैयक्तिक टार्गेटला आहेत, तर सहकार्य हे शोभेचं आहे. ‘गुणवत्ता’ लिहिलंय, पण दर सोमवारी फक्त किती कामं निघाली तेच विचारतात? मग तिथे वेग हेच मूल्य.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची घोषित मूल्यं चार होती: आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. जुलै २००० मध्ये तिने ६४ पानांची आचारसंहिता कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. डिसेंबर २००१ मध्ये हिशेबातल्या लबाडीपायी ती दिवाळखोरीत गेली. आचारसंहितेत काही कमी नव्हतं. बढती आणि बोनस ज्या गोष्टींवर मिळत, त्या वेगळ्या होत्या.

वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेचं प्रकरण नव्या माणसाने तर नक्की समजून घ्यावं, कारण त्यात सामान्य कर्मचारी भरडले गेले. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची, असं तिथे ध्येय होतं आणि शाखांवर रोजच्या रोज दबाव असे. टार्गेट गाठण्यासाठी लोकांनी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि त्याआधीच्या काही वर्षांत याच कारणावरून सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं समोर आलं. ग्राहकाचं हित आधी, असं बँकेच्या कागदावरही होतंच. शाखेतल्या माणसाला मात्र रोज एकच आकडा विचारला जाई.

शाइन यांच्या मते संस्कृती घडते ती वरच्या माणसांच्या वागण्यातून: ते कशावर लक्ष ठेवतात, काय मोजतात, संकटात कसे वागतात, पैसा कुठे खर्च करतात, बढती कुणाला देतात, कुणाला काढतात. या यादीचे तुमच्यासाठी प्रश्न करा आणि वहीत उत्तरं भरत जा. सगळी एकदम मिळणार नाहीत. बढतीच्या प्रश्नावर विशेष वेळ घालवा. अलीकडे वर गेलेल्या माणसांची नावं काढा आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधा: कामातली पकड, उशिरापर्यंत बसणं, साहेबांच्या मर्जीत असणं, की अडचणी पुढे येऊ न देण्याची हातोटी? हाच तिथला खरा अभ्यासक्रम.

४. वाईट बातमी वर कशी जाते ते पाहा

एखाद्या ठिकाणाबद्दल मला एकच गोष्ट जाणून घेता येणार असेल, तर मी ही निवडेन.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे नासाचं अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतल्या इंजिनिअरांनी थंडीमुळे उड्डाण करू नये असं सांगितलं होतं. जोडांमधल्या रबरी ओ-रिंग त्या तापमानात नीट बसणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. चर्चा झाली, त्यांच्याच व्यवस्थापनाने मत फिरवलं, आणि उड्डाण झालं. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी या निर्णयाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, की कुणी जाणूनबुजून नियम मोडला असं नव्हतंच. आधीच्या उड्डाणांतही ओ-रिंग झिजलेल्या आढळल्या होत्या, दरवेळी यान सुखरूप परतलं, आणि दरवेळी तेवढी झीज ‘चालण्यासारखी’ ठरत गेली. विपरीत गोष्ट हळूहळू नेहमीची झाली. पुढे १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं, तेव्हाही तसंच: उड्डाणात इंधनाच्या टाकीवरून फोमचे तुकडे निघणं अंगवळणी पडलं होतं. चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं की अपघाताला फोम जितका कारणीभूत, तितकीच नासाची संस्कृतीही.

तुमच्या कामात कुणाचा जीव जात नसेल. पण ‘आजवर काही झालं नाही ना’ हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. ते कानावर आलं की तारीख टाकून वहीत उतरवा.

उलट बाजूही आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. त्या जास्त चुकत नव्हत्या, जास्त बोलत होत्या. म्हणून एखाद्या विभागाच्या रिपोर्टात एकही चूक नसेल तर लगेच कौतुक करू नका. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला गडबड दिसली की तो दोरी ओढतो. गटप्रमुख धावत येतो आणि ठराविक वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. दोरी कुठल्याही कारखान्यात बसवता येईल हो. ती ओढल्यावर कुणी डाफरणार नाही, ही खात्री बसवायला मात्र वर्षं लागतात.

तुम्ही हे कसं तपासाल?

मीटिंगमध्ये कुणी ‘हे काम वेळेत होणार नाही’ असं म्हणालं की त्यानंतरचा पहिला प्रश्न कोणता येतो ते ऐका. ‘कुणामुळे?’ असेल तर एक ठिकाण. ‘कशामुळे?’ असेल तर दुसरं. ‘काय मदत हवी?’ असेल तर नशीबवान आहात. शांतता पसरली आणि विषय पुढे सरकला, तर ती सगळ्यात काळजीची खूण, कारण याचा अर्थ सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. आणि हे सांगणारा माणूस पुढच्या महिन्यात कुठे दिसतो, तेही बघा.

मग स्वतः एक छोटा प्रयोग करा. तुमच्याकडून झालेली एखादी किरकोळ, दुरुस्त होण्यासारखी चूक लपवू नका. दुरुस्तीसकट मॅनेजरला लवकर सांगा. ‘अमुक चुकलं, असं निस्तरलं, पुन्हा होऊ नये म्हणून हे करतोय.’ प्रतिक्रिया टिपून ठेवा. पुढे मोठी बातमी द्यायची वेळ येईल तेव्हा ती कशी द्यायची, हे त्यातून कळेल. यासाठी मुद्दाम चूक करू नका, आपोआप मिळतील.

५. अलिखित नियम कुणाकडून शिकायचे

१९३१-३२ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात संशोधकांनी १४ कामगारांच्या एका गटाचं कित्येक महिने निरीक्षण केलं. जास्त काम केलं तर गटाला जास्त पैसे, अशी योजना होती. तरी कामगार ठरावीक मर्यादेपलीकडे जात नव्हते. गटाचे स्वतःचे नियम होते: फार काम करायचं नाही, फार कमीही नाही, सोबत्याला त्रास होईल असं साहेबाच्या कानी घालायचं नाही, आणि फार साहेबीही करायची नाही. नियम मोडणाऱ्याला चिडवत, दंडावर गुद्दे मारत. यातला एकही नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कंपनीच्या योजनेपेक्षा तेच जास्त चालले.

आज गुद्दे मारत नाहीत. मेलला उत्तर येत नाही, ग्रुपमधून वगळतात, जेवायला जाताना हाक मारत नाहीत. पहिल्याच आठवड्यात उत्साहाने जुन्यांच्या दुप्पट काम करून ते सगळ्यांसमोर मिरवणारा नवखा त्यात हमखास सापडतो. कमी काम करा असं मी म्हणत नाही. करा, पण गाजावाजा न करता, आणि सोबत्याचंही काम त्याने हलकं होईल असं बघा.

अलिखित नियम विचारायला मॅनेजर हा चुकीचा माणूस. त्याच्यासमोर ते नियम लोक पाळतच नाहीत किंवा फारच पाळतात. शोधा अशी माणसं ज्यांच्याकडे सगळे अडल्यावर जातात. पद मोठं असेलच असं नाही. बऱ्याचदा ती अ‍ॅडमिनमध्ये, स्टोअरमध्ये किंवा आयटीच्या मदत कक्षात सापडतात. त्यांना ‘हे असं का?’ विचारण्यापेक्षा ‘हे इथे कसं करतात?’ असं विचारा. ‘का’मध्ये टीका ऐकू येते, ‘कसं’मध्ये शिकण्याची इच्छा.

आणि सोडून गेलेल्यांनाही विचारा. मानसशास्त्रज्ञ बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ मध्ये एक साधा मुद्दा मांडला: संस्था आपल्यासारखी माणसं ओढून घेते, त्यातून निवडते, आणि न जुळणारी बाहेर पडतात. मागे उरतात ते जुळलेले. त्यामुळे आतल्या सगळ्यांनी ‘इथे छान आहे’ म्हटलं तरी ते फक्त उरलेल्यांचं मत. गेलेल्या दोघांशी बोललात तर चित्र पूर्ण होतं. त्यांचा राग वजा करून ऐका, एवढंच.

६. एका कंपनीत एक कल्चर नसतं

शाइन यांनी १९९६ मध्ये लिहिलं की बहुतेक संस्थांमध्ये तीन जगं शेजारी-शेजारी नांदतात: प्रत्यक्ष काम चालवणारे, रचना करणारे इंजिनिअर, आणि वरचे अधिकारी. पहिल्यांचा भरवसा माणसांवर, दुसऱ्यांचा माणूस लागणारच नाही अशा यंत्रणेवर, तिसऱ्यांचा आकड्यांवर. तिघंही आपापल्या जागी शहाणे, आणि एकमेकांना वेडे समजतात. तुम्ही कोणत्या जगात आहात ते आधी ओळखा. विक्री विभागातल्या मित्राचा सल्ला अकाउंट्समध्ये वापरलात तर तोंडघशी पडाल.

रोजच्या जगण्यावर सगळ्यात जास्त परिणाम तुमच्या थेट मॅनेजरचा होतो. कंपनी नावाजलेली असूनही टीम त्रासदायक असू शकते, आणि उलटही.

जाता जाता, संस्कृतीचे प्रकार पाडणाऱ्या तक्त्यांबद्दल. कॅमेरॉन आणि क्विन या अभ्यासकांचे चार प्रकार एचआरच्या ट्रेनिंगमध्ये हमखास भेटतील: कुटुंबासारखी, नवं शोधणारी, बाजाराशी झुंजणारी आणि उतरंड मानणारी संस्था. चर्चा सुरू करायला बरे आहेत. आपल्या कंपनीला एका खान्यात कोंबून मोकळं होऊ नका. हॉफस्टेड या डच अभ्यासकाची देशादेशांच्या संस्कृतींची तुलनाही ऐकाल. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर ती उभी आहे. त्यातले आकडे देशांच्या सरासरीचे आहेत. शेजारच्या टेबलावरचा परदेशी सहकारी कसा वागेल, हे त्यातून कळत नाही. त्यालाच विचारलेलं बरं.

७. काय उचलायचं, काय नाही

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी वही घेऊन बसा आणि नोंदींचे तीन ढीग करा.

पहिला ढीग रीतीभातीचा: हाक कशी मारायची, मेल किती लांब, मीटिंगला किती मिनिटं आधी. हे निमूट उचला. यात तत्त्वाचं काही नसतं आणि अडून बसणाऱ्याबद्दल उगाच मत वाईट होतं.

दुसरा ढीग कामाच्या पद्धतीचा: पटत नाही, पण चुकीचंही नाही. तीन-तीन सह्या लागतात, एकच माहिती दोन ठिकाणी भरतात. आधी तीच पद्धत नीट वापरून दाखवा, मग बदल सुचवा. कित्येक विचित्र पद्धतींमागे जुना एखादा घोटाळा असतो आणि तो कळल्याशिवाय सुचवलेली सुधारणा पोरकट ठरते. आणि ‘आमच्या आधीच्या कंपनीत असं करायचे’ हे वाक्य पहिले सहा महिने तोंडून काढू नका. कल्पना तीच मांडा, आधीच्या कंपनीचं नाव न घेता.

तिसरा ढीग न उचलण्याचा: मागच्या तारखेची सही, न केलेल्या तपासणीवर ‘ठीक’ची खूण, ग्राहकाला अर्धसत्य सांगणं, एखाद्या सहकाऱ्याला जात, लिंग, धर्म यावरून टोमणे, सुरक्षेच्या नियमाला बगल. ‘इथे सगळेच करतात’ हे कल्चरचं वर्णन आहे, तुमच्यासाठी संरक्षण नाही. चौकशी झाली की सही ज्याची, जबाबदारी त्याची. वेल्स फार्गोत आधी गेले ते खालचेच. असं काही करायला सांगितलं तर भांडू नका, पण तोंडी आदेश लेखी करून घ्या: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक करायचं ना, खात्री करून घेतोय’ असा छोटा, सभ्य मेल. पुष्कळदा त्या मेलला उत्तर येतच नाही आणि आदेशही विरून जातो. नाही विरला, तर आचारसंहितेत तक्रारीचा मार्ग दिलेला असतो. तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून त्याच मार्गाने जा. छळाच्या बाबतीत तर एकट्याने निस्तरण्याचा प्रयत्न नको. कंपनीच्या तक्रार समितीकडे जा आणि विश्वासातल्या एका माणसाला सोबत घ्या.

८. प्रोबेशन संपायच्या आत

पहिल्या पंधरा दिवसांची पानं पुन्हा वाचा. तेव्हा खटकलेलं आणि आता न खटकणारं जे जे आहे त्यापुढे खूण करा. प्रत्येक खुणेपाशी थांबून विचारा: त्यामागचं कारण मला कळलं म्हणून खटकत नाही, की मी नुसता सरावलो? पहिलं असेल तर ते शिकणं. दुसरं असेल आणि नोंद तिसऱ्या ढिगातली असेल, तर निर्णय घेण्याची वेळ झाली.

राहायचं ठरवलंत तर मॅनेजरकडे अर्धा तास मागा आणि दोनच गोष्टी विचारा: माझ्या कामात तुम्हाला काय चालू राहायला हवंय, आणि इथल्या पद्धतीतलं मला अजून काय उमगलेलं नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अप्रेजलमध्ये कधीच लिहून मिळत नाही.

जायचं ठरवलंत तर नेमणूकपत्रावरची खूण पाहा. प्रोबेशनमध्ये नोटीस पिरियड बहुधा कमी असतो, पण तुमच्या पत्रात काय लिहिलंय तेच खरं. राजीनामा दोन ओळींचा पुरे. निघतानाच्या मुलाखतीत कारण विचारतील तेव्हा व्यक्तीचं नाव न घेता एक प्रसंग सांगा, तारखेसह, आणि थांबा. अनुभवाचं पत्र आणि हिशेबाचे कागद हातात पडल्याशिवाय वही फाडू नका.